कर्झन रोड, पुसा आणि एक कीटकशास्त्रज्ञ

दिल्लीच्या कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटच्या दिशेने जाणाऱ्या कस्तुरबा गांधी मार्गावर परकीय संस्कृतींची आणि आपल्या प्रांतांची निवासस्थाने शेजारी शेजारी वसली आहेत. भारतात एकदाही पाऊल न ठेवता भारतविद्येला आयुष्य वाहणाऱ्या पंडिताचे नाव मिरवणारे मॅक्सम्युलर भवन येथे आहे. चार्ल्स कोरिया यांनी रचलेली ब्रिटिश कौन्सिलची वास्तू येथे आहे, अमेरिकन सेंटर येथे आहे आणि २०१३ पासून नवे महाराष्ट्र सदनही याच मार्गावर उभे आहे. या मार्गाचे पूर्वीचे नाव कर्झन रोड. स्वातंत्र्यानंतर व्हाइसरॉयचे नाव पुसले गेले आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात देह ठेवणाऱ्या कस्तुरबांचे नाव तेथे आले. हा बदल उचितच होता. तथापि या शहरात कर्झनच्या हातून घडलेल्या कार्याची एक खूण अद्यापि टिकून आहे, आणि तिच्यावर कर्झनचे नाव कधीच नव्हते. ती खूण म्हणजे कॅनॉट प्लेसच्या पश्चिमेस, करोलबागेपलीकडे पसरलेले ‘पुसा’. या दोन स्थळांना जोडणारा जो धागा आहे, त्यावर एका इंग्रज कीटकशास्त्रज्ञाचे आयुष्य ओवलेले आहे. हॅरोल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय हे त्याचे नाव.

पुसा हे मूळचे बिहारच्या तिरहुत प्रदेशातील, बुढी गंडकच्या काठचे एक गाव. हेन्री फिप्स या अमेरिकी दानशूराने दिलेल्या तीस हजार पौंडांच्या देणगीतील मोठा वाटा खर्चून तेथे शेतकी संशोधनसंस्था उभारण्याचे ठरले, आणि १ एप्रिल १९०५ रोजी लॉर्ड कर्झनने तिची कोनशिला बसवली. ‘फिप्स ऑफ यू. एस. ए.’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘पुसा’ झाले, अशी एक व्युत्पत्ती पुढे लोकांच्या तोंडी रूढ झाली. गावाचे नाव देणगीहून जुने असल्यामुळे ती टिकणारी नाही. परंतु लोकव्युत्पत्तीचा अभ्यास करणाऱ्याला ती टाकून देण्याजोगीही वाटणार नाही. परक्या पैशातून उभी राहिलेली संस्था आपल्या गावाच्या नावातही परकेपण घेऊन आली असली पाहिजे, असा सामान्य माणसाचा तर्क तिच्यात दडलेला आहे.

या संस्थेत ‘इंपीरियल एन्टॉमॉलॉजिस्ट’ या भारदस्त पदनामाने जो माणूस काम करू लागला, तो त्या वेळी तिशीच्याही आत होता. २० जानेवारी १८७७ रोजी हॅम्पशायरमध्ये जन्मलेला लेफ्रॉय केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात निसर्गविज्ञान शिकला. १८९९ मध्ये तो वेस्ट इंडीजमध्ये बार्बाडोसच्या शेतकी खात्यात कीटकतज्ज्ञ म्हणून रुजू झाला आणि उसाच्या मळ्यांत त्याने कीडशास्त्राची खरी दीक्षा घेतली. भारत सरकारने कीटकशास्त्रज्ञाचे पद निर्माण केले, तेव्हा त्यावर प्रथम आलेला गृहस्थ लेफ्रॉय नव्हता. तो मान फुलपाखरांचा थोर अभ्यासक लायोनेल द निसेव्हिल याचा. परंतु नेमणुकीच्याच वर्षी, १९०१ च्या डिसेंबरात, द निसेव्हिल कलकत्त्यास मलेरियाने दगावला. मलेरियाचा वाहक डास आहे हे रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेस दाखवून दिले त्याला तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती. पंखांवरील रंग मोजण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याचा अंत एका दुसऱ्याच पंखवाल्याने केला. त्या रिकाम्या जागेवर १९०३ मध्ये सव्वीस वर्षांचा लेफ्रॉय आला.

भारतातील त्याचे पहिले मोठे काम महाराष्ट्राला जवळचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यात टोळांचा मोठा उपद्रव सुरू झाला होता. हा टोळ राजस्थानच्या वाळवंटातून येणारा नव्हे. तो सह्याद्रीच्या आश्रयाने राहणारा, शास्त्रात ‘बॉम्बे लोकस्ट’ म्हणून ओळखला जाणारा निराळा टोळ होय. १९०३–०४ मधील त्याच्या पाहणीचा अहवाल १९०६ मध्ये शेतकी खात्याच्या कीटकशास्त्रीय मालेचा पहिला ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाला. या टोळाची वर्षातून एकच पिढी होते. पावसाच्या आरंभी मादी ओल्या जमिनीत अंडी घालते, पावसाळ्यात पिले गवतावर आणि पिकांवर वाढतात, पावसाळा सरता सरता त्यांना पंख फुटतात, आणि हिवाळा ते प्रौढावस्थेत घाटातील रानांच्या आसऱ्याने काढतात. या चक्राचा अर्थ व्यवहारात मोठा होता. थवा आकाशात दिसल्यावर त्याचा बंदोबस्त करू पाहणे म्हणजे वेळ निघून गेल्यावर धावणे होय. उपाय करावयाचा तो जमिनीत अंडी आहेत किंवा पिलांना पंख नाहीत, तोवरच. शेतकऱ्याला दिसते ते संकट, अभ्यासकाला शोधावी लागते ती त्या संकटाची दिनदर्शिका, हा धडा लेफ्रॉयने आपल्या पहिल्याच भारतीय कामात गिरवला.

येथे भाषेच्या अभ्यासकाने क्षणभर थांबावे. मराठीने ‘टोळ’ हा शब्द एकवचनात क्वचितच वापरला आहे. आपल्याला ओळखीची आहे ती ‘टोळधाड’. धाड म्हणजे दरोडेखोरांची चाल, आणि त्या एका समासात शेतकऱ्याने निसर्गातील संकट आणि मानवी जुलूम यांना एका दावणीला बांधले आहे. त्याची इतर कीटकनावेही अशीच अनुभवातून आलेली आहेत. उभे पीक आतून वाळवणारा तो खोडकिडा, घाटे पोखरणारी ती घाटेअळी, कपाशीची बोंडे खाणारी ती बोंडअळी, झुंडीने शेतामागून शेत फस्त करणारी ती लष्करी अळी, रोपांच्या मुळांना भिडणारी ती हुमणी, धान्याच्या कणगीत शिरणारे ते सोंडे. किडा काय खातो आणि कसा खातो यावरून त्याला नाव मिळते. विज्ञानाने मात्र वर्गीकरणासाठी पंखांचा आधार घेतला आणि मराठी परिभाषेने त्याला अनुसरून ढालपंखी, खवलेपंखी, अर्धपंखी अशी नावे घडवली. ॲरिस्टॉटलने या प्राण्यांना ‘एन्टोमा’ म्हटले ते त्यांच्या शरीरावरील खाचा पाहून. आपल्या पूर्वजांनी भ्रमराला ‘षट्पद’ म्हटले ते त्याचे पाय मोजून. एक नाव शरीररचनेतून येते, दुसरे नुकसानीतून. आर्थिक कीटकशास्त्र या नावाने जी शाखा तेव्हा उदयास येत होती, तिचे सारे कार्य या दोन नामपरंपरांची गाठ घालून देण्याचे होते.

ती गाठ घालण्याचा पहिला व्यवस्थित प्रयत्न लेफ्रॉयने केला. १९०६ मध्ये त्याचे ‘इंडियन इन्सेक्ट पेस्ट्स’ आणि १९०९ मध्ये फ्रँक हाउलेटच्या साहाय्याने लिहिलेले ‘इंडियन इन्सेक्ट लाइफ’ ही पुस्तके प्रसिद्ध झाली. दुसऱ्या ग्रंथाने मैदानी भारतातील कीटकांची हस्तपुस्तिका असे स्वतःचे वर्णन केले आहे. प्रत्यक्षात तो सातशेहून अधिक पृष्ठांचा महाग्रंथ आहे. त्यापूर्वी भारतीय कीटकांवर जे उत्तमोत्तम लेखन झाले, ते बहुधा संग्राहकांचे आणि वर्णनकारांचे. कोणत्या जातीच्या पंखावर किती ठिपके, हे त्यातून कळे. ती जात कोणत्या महिन्यात, कोणत्या पिकावर, कोणत्या अवस्थेत सापडते, हे सहसा कळत नसे. लेफ्रॉयने मृत नमुन्याला त्याचे आयुष्य परत दिले. त्याच्या ग्रंथांतील रंगीत चित्रे पुसा येथील भारतीय चित्रकारांच्या हातची आहेत. अंडे, अळी, कोष आणि प्रौढ कीटक या चारही अवस्था एका पानावर, त्या पिकाच्या पानाफुलांसह रंगवण्याची तेथे जी शिस्त निर्माण झाली, तिच्यात विज्ञानाची अचूकता आणि भारतीय लघुचित्रकाराचा हात यांचा संगम झालेला दिसतो.

पुसा येथील भारतीय साहाय्यकही निव्वळ हाताखालचे लोक राहिले नाहीत. चारुचंद्र घोष यांचा नारळी-ताडांवर जगणाऱ्या भुंग्यांविषयीचा प्रबंध आणि डी. नवरोजी यांचा जलचर कीटकांविषयीचा प्रबंध हे दोन्ही १९११ मध्ये खात्याच्या मालेत त्यांच्या स्वतःच्या नावाने छापले गेले. ही गोष्ट लहान वाटेल. परंतु ज्या काळात साम्राज्याच्या ज्ञानव्यवस्थेत देशी माणसाचे स्थान बहुधा ‘स्थानिक माहितगार’ एवढेच असे, त्या काळात मुखपृष्ठावर नाव येणे याचा अर्थ निराळा होता. अळ्यांना रोज ताजा पाला घालणारा, त्यांच्या काती मोजणारा आणि रात्री कंदिलाच्या उजेडात टिपणे करणारा माणूस तेथे ग्रंथकर्ता ठरला.

असे असले तरी या विद्येच्या मुळाशी असलेला प्रश्न झाकून ठेवता येत नाही. निसर्गात ‘कीड’ नावाची कोणतीही जात नसते. एखादा कीटक कीड ठरतो तो माणसाच्या हिशेबवहीत. आणि पुसाच्या काळात ती हिशेबवही साम्राज्याची होती. कोणत्या पिकाच्या किडीकडे आधी लक्ष द्यावयाचे, हे कापूस, ऊस, नीळ यांच्या बाजारपेठा ठरवीत. ज्या तिरहुतात पुसा वसले, त्याच तिरहुतात चंपारण आहे. १९१७ मध्ये गांधीजी तेथे निळीच्या सक्तीखाली पिचलेल्या रयतेचे जबाब नोंदवत होते. त्यांच्यामागून कस्तुरबा आल्या आणि भितिहरवा गावच्या शाळेत बेळगावच्या सोमण वकिलांसह राहिल्या. मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले तेथल्याच दुसऱ्या एका शाळेत शिकवीत होत्या. भितिहरव्याची गवती शाळा एका रात्री जळाली आणि ती पुन्हा पक्क्या विटांनी बांधली गेली. एकीकडे निळीच्या जिल्ह्यांशेजारी फिप्सच्या देणगीची भव्य प्रयोगशाळा, दुसरीकडे ती जळालेली झोपडी. दोन्ही ठिकाणी शेतकऱ्याच्या कल्याणाचीच भाषा होती. एका ठिकाणी ती त्याच्या पिकावरील किडीपासून सुरू होत होती, तर दुसऱ्या ठिकाणी त्याच्या पिकावरील हक्कापासून. दिल्लीतील एकाच रस्त्याने आधी कर्झनचे आणि नंतर कस्तुरबांचे नाव धारण केले, तेव्हा या दोन्ही भाषा नकळत एकाच पाटीवर एकामागून एक लिहिल्या गेल्या.

चंपारणचे ते पर्व सुरू झाले, तेव्हा लेफ्रॉय भारतात नव्हता. १९१२ मध्ये तो लंडनच्या इंपीरियल कॉलेजात कीटकशास्त्राचा प्राध्यापक झाला. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील फौजांना छळणाऱ्या माश्यांच्या बंदोबस्तासाठी त्याला पाठवण्यात आले. परंतु सामान्य इंग्रज माणसाला त्याची ओळख झाली ती एका छतामुळे. वेस्टमिन्स्टर हॉलच्या चौदाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या प्रचंड ओकच्या छताला एका भुंग्याने आतून पोखरून काढले होते. हा भुंगा लाकडावर डोके आपटून टकटक आवाज करतो. जागरणाच्या रात्री ऐकू येणारा तो आवाज मरणाची चाहूल मानला जाई आणि त्यावरूनच त्याला ‘डेथ-वॉच’ हे नाव पडले. १९१४ च्या सुमारास या छताच्या रक्षणासाठी लेफ्रॉयचा सल्ला घेण्यात आला आणि त्याने लाकडात मुरणारे एक कीटकनाशक मिश्रण तयार केले. घराघरांतून त्या मिश्रणाची मागणी होऊ लागली. तेव्हा एलिझाबेथ ईड्स या साहाय्यिकेसह त्याने १९२४ मध्ये लंडनच्या हॅटन गार्डन भागात एक छोटा व्यवसाय थाटला. मालाला ‘एन्टोकिल’ म्हणावे, असे त्याच्या मनात होते. ॲरिस्टॉटलचा ‘एन्टोमा’ आणि इंग्रजीतील मारणे, असा तो संकर होता. व्यापारचिन्हाच्या अडचणीमुळे ते नाव घेता आले नाही; आधी एक ‘र’ जोडला गेला आणि ‘रेन्टोकिल’ झाले. ग्रीक धातूचे इतके विचित्र रूपांतर तौलनिक भाषाशास्त्रातही क्वचितच आढळेल.

त्या नावाचे पुढे काय झाले, हे पाहण्यास लेफ्रॉय उरला नाही. १९२५ च्या ऑक्टोबरात माश्यांवर विषारी वायूचा प्रयोग करीत असताना तो आपल्या प्रयोगशाळेत बेशुद्धावस्थेत आढळला आणि १४ ऑक्टोबर रोजी मरण पावला. वय अठ्ठेचाळीस. व्यवसाय ईड्सबाईंनी सांभाळला आणि वाढवला. पुढे ती कंपनी जगभर पसरली आणि २०१७ मध्ये पेस्ट कंट्रोल इंडियाशी भागीदारी करून भारतातही आली. आज दिल्ली-मुंबईच्या कचेऱ्यांत आणि उपाहारगृहांत तिची माणसे झुरळे-वाळवीचा बंदोबस्त करण्यास येतात. या नावाचा जनक कधी काळी मुंबई इलाख्यातील टोळांची अंडी शोधत हिंडला होता, हे त्यांना कोण सांगणार?

या मृत्यूकडे नियतीचा सूड म्हणून पाहण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. लेफ्रॉय क्रूर नव्हता आणि बेफिकीरही नव्हता. जे विष इतरांच्या हाती द्यावयाचे, त्याच्याजवळ तो स्वतः उभा राहिला, एवढेच. खरी चिंतेची बाब तेथून पुढे सुरू होते. १९३९ मध्ये डी. डी. टी. चा कीटकनाशक गुण उघड झाला. त्यानंतरच्या काळात विष बनवणारा आणि विष फवारणारा हे दोन निराळे मनुष्य झाले, आणि त्यांच्यामध्ये हजारो मैलांचे व अनेक भाषांचे अंतर पडले. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्या वर्षी कपाशी माथ्याहून उंच वाढली होती, बोंडअळीचा कहर होता, आणि पाठीवर पंप घेतलेल्या माणसाच्या नाकातोंडात औषधाचा फवारा जात होता. त्याला मराठी शेतकरी ‘औषध’ म्हणतो, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. जो शब्द जगवण्यासाठी आहे, तोच येथे मारण्यासाठी योजला जातो. बाटलीवरील सूचना बारीक अक्षरांत असतात. त्या वाचण्यास उसंत नसते. लेफ्रॉयचा मृत्यू एका शास्त्रज्ञाचा अपघात म्हणून इतिहासात नोंदला गेला. यवतमाळचे मृत्यू आकड्यांत नोंदले गेले. विषाच्या इतिहासात नावे आणि आकडे यांची ही वाटणी अद्याप बदललेली नाही.

परंतु पुसाच्या वारशात दुसरीही एक वाट होती. लेफ्रॉयचा सहकारी हाउलेट याने १९१२ च्या सुमारास पाहिले की, सिट्रोनेला तेलाच्या वासाकडे फळमाशीचे नर ओढले जातात. त्या आकर्षणाचा शोध घेत तो मिथाइल युजेनॉल या द्रव्यापर्यंत पोहोचला. १९२० मध्ये तोही अकाली गेला. आज कोकणातल्या हापूसच्या बागांतून जे फळमाशीचे सापळे टांगलेले दिसतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा ज्यांत मोडतो, त्यांचे तत्त्व हेच आहे. फळावर विषाचा थेंब न पाडता नर वासाने सापळ्यात येतो आणि पुढची पिढी खुंटते. एकाच ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ज्या दोघांची नावे शेजारी आहेत, त्यांच्यापासून दोन वाटा फुटल्या. आपल्या शेतीने बराच काळ त्यांतली पहिली वाट धरली.

१५ जानेवारी १९३४ च्या भूकंपाने बिहार हादरला आणि पुसाच्या इमारतींची अपरिमित हानी झाली. १९३६ मध्ये संस्था दिल्लीस आली. येताना आपल्या गावाचे नाव, ग्रंथ आणि कीटकांच्या पेट्या घेऊन आली. हे स्थलांतर घडले तेव्हा इंपीरियल एन्टॉमॉलॉजिस्टच्या खुर्चीवर एक भारतीय, हेमसिंग प्रुथी, बसलेले होते. त्यांच्या पुढाकाराने १९३८ मध्ये भारतीय कीटकशास्त्र परिषद स्थापन झाली, आणि १९४६ मध्ये केंद्र सरकारचे वनस्पतिसंरक्षणाचे खाते उभे राहिले तेव्हा त्याचे पहिले सल्लागारही तेच झाले. पदनामातील ‘इंपीरियल’ हा शब्द यथावकाश गळाला. काम मात्र अखंड चालू राहिले. परकीयाने घातलेल्या पायावर स्वतःची इमारत रचताना त्या पायातील दगड नाकारण्याची गरज प्रुथींच्या पिढीला वाटली नाही.

२०२० च्या मे महिन्यात वाळवंटी टोळांचे थवे विदर्भात, अमरावती-नागपूरपर्यंत पोहोचले. २७ जून रोजी ते गुरुग्रामवर आले आणि दिल्लीच्या दक्षिण सीमेला स्पर्शून गेले. उंच इमारतींच्या काचांवर टोळ आदळत होते आणि लोक गच्चीवर जाऊन थाळ्या बडवीत होते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी छापलेली टोळाची दिनदर्शिका त्या दिवशी कोणाच्या हाती नव्हती, आणि असती तरी ती दुसऱ्याच टोळाची होती. तथापि वाऱ्याची दिशा पाहून थवा उद्या कोठे उतरेल हे सांगणारे आणि रात्री तो झाडांवर विसावल्यावर त्याचा बंदोबस्त करणारे सरकारी कर्मचारी ज्या विद्येच्या आधारे काम करीत होते, तिच्या भारतातील आरंभीच्या पानांवर लेफ्रॉयची सही आहे.

दिल्लीतील पुसा येथे आज लाखो कीटक टाचण्यांना लावून पेट्यांत ठेवलेले आहेत. संग्रहशास्त्राचा एक जुना नियम आहे. कीटकाचे शास्त्रीय नाव बदलले तर टाचणीवर नवी चिठ्ठी चढवावी, परंतु जुनी चिठ्ठी काढू नये. त्यामुळे एका टाचणीखाली कधी कधी तीन-चार चिठ्ठ्या एकीखाली एक लटकत असतात. कोणी कधी काय नाव दिले, कोणाचे नाव चुकले आणि ते कोणी दुरुस्त केले, हे सारे त्या कागदाच्या कपट्यांवर वाचता येते. सर्वांत वरच्या चिठ्ठीवर गाव, तारीख आणि किडा पकडणाऱ्याचे नाव असते. शहरांच्या रस्त्यांना असा नियम लावता येत नाही. तेथे एक पाटी उतरते तेव्हाच दुसरी चढते. कस्तुरबा गांधी मार्गावरून महाराष्ट्र सदनाकडे जाणाऱ्या माणसाला म्हणूनच जुनी चिठ्ठी दिसत नाही. ती वाचावयाची असेल, तर पश्चिमेकडे, पुसाच्या त्या पेट्यांपर्यंत जावे लागते.